मारत नाहीत, सोडून देतात!



आजचा विषय वाचून तुम्हाला नवल वाटेल. ज्या घरात चातुर्मासात पालेभाजीसुद्धा येत नाही, त्या घरातली बाई मासे पकडण्यावर काय लिहिणार? पण विषय आपल्या दारात आला की टाळून चालत नाही. आणि तो फक्त माझ्याच दारात आलेला नाही. मंदिरात दोघीतिघींशी बोलले तेव्हा कळलं, की मुलं-नातवंडं असे प्रश्न आता सगळीकडेच विचारतात.

माझा नातू तेरा वर्षांचा आहे आणि पवईला राहतो. त्याच्या वर्गमित्राचे वडील तलावावर गळ टाकायला जातात आणि सुट्टीच्या दिवशी मुलालाही नेतात. नातवाला वाढदिवसाला तशी काठी हवी झाली. पैसे अर्थातच आजीने द्यायचे! आपल्या मराठीत आग्रह करण्याला 'गळ घालणं' म्हणतात, ते त्याने अगदी खरं करून दाखवलं. "आजी, मारत नाहीत गं. पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. मग त्यात पाप कुठे आहे?" लेक म्हणाली, "आई, तूच सांग त्याला." जावई स्वाध्यायाला बसणारे आहेत. त्यांनी आणखी अवघड प्रश्न टाकला, "आई, तंदुल मत्स्याने एकही जीव मारला नाही, तरी नुसत्या भावामुळे तो सातव्या नरकात गेला. म्हणजे सगळं भावावर आहे ना? मग इथे तर मारण्याचा भावच नाही."

प्रश्न खोटा नव्हता. म्हणून 'आपल्यात चालत नाही' एवढं म्हणून मी विषय संपवला नाही. नीट माहिती घेतली.

पवईचा तलाव आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दर पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की बातमी येते. सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावतं आणि जास्तीचं मिठी नदीत जातं. हा तलाव निसर्गाने केलेला नाही. इंग्रजांच्या काळात, १८९१ साली, मुंबईच्या पाण्यासाठी बांध घालून तो बांधला. पुढे पाणी पिण्याच्या लायकीचं राहिलं नाही आणि ते उद्योगांना, आरे कॉलनीला जाऊ लागलं. तलावात मगरी आहेत, काठावर पक्षी आहेत आणि पाण्यात कटला, रोहू, मृगळ असे मोठे मासे आहेत. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचं बीज आणून तलावात सोडतात.

या तलावावर 'महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन' ही गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची जुनी संघटना आहे. सदस्य पाण्यातल्या मचाणांवर तासन् तास बसतात. पिठाची वासाची गोळी गळाला लावतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या रंगीत तुकड्याकडे डोळे लावून बसतात. तो बुडाला की मासा लागला. यातले बरेच जण हल्ली मासा खात नाहीत, विकत नाहीत, परत पाण्यात सोडतात. विलायतेत तर सामन आणि ट्राउट सोडून इतर गोड्या पाण्यातल्या माशांसाठी गावोगावी क्लबांची तळी आहेत, आणि मासा परत सोडायचा हाच तिथला रिवाज. त्यासाठी नियमही आहेत. गळाला उलटा काटा नसावा म्हणजे तो सहज निघतो, माशाला ओल्या हातानेच धरावं म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, जाळी बिनगाठीची असावी, जमिनीवर ओली गादी असावी. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल बरंच वाटलं. यतना म्हणजे काय हे त्यांनाही त्यांच्या परीने कळतं.

पण आता माशाच्या बाजूने पाहू. आपल्या शास्त्रात मासा पंचेंद्रिय आहे. स्पर्श, रस, घ्राण, चक्षु आणि कर्ण, पाचही इंद्रियं त्याला आहेत. मुंगीच्या वारुळावर पाय पडला तर आपण हळहळतो, आणि मुंगी तर तीन इंद्रियांची. विज्ञानाला मात्र माशाला दुखतं का यावर बरीच वर्षं शंका होती. २००३ साली लीन स्नेडन या संशोधक बाईंनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर काम करून दाखवलं, की माशाच्या तोंडाभोवती आणि ओठांवर इजा ओळखणारे मज्जातंतू असतात. ओठाला झोंबणारं द्रव्य टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते, अंग डोलवत होते आणि खाणं टाळत होते. ते प्रयोग वाचून मला वाईटच वाटलं, पण निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. गळ नेमका ओठातच रुततो.

आता अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. पाठशाळेत आपण घोकलेले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणं, मारहाण करणं, अवयव छेदणं, जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. या पाचांतल्या एकातही जीव घेण्याची अट नाही. प्राणी जिवंतच आहे, तरी व्रताला डाग लागतो. दोराने अडकवणं हा बंध, ओठात काटा जाणं हा छेद. म्हणजे 'मारत नाहीत' हे उत्तर आपल्या आचार्यांच्या पुढे टिकत नाही. त्यांनी ही पळवाट शतकांपूर्वीच बंद करून ठेवली आहे.

राहिला जावयांचा भावाचा प्रश्न. मी त्यांना म्हटलं, भाव बघायचा ना, मग आनंद नेमका कुठल्या क्षणी होतो ते बघा. मासा सोडताना होतो का? सोडायचाच आनंद असता तर पकडायची गरज नव्हती. आनंद आहे तो दोर ताणला जातो तेव्हा. मासा जितका धडपडेल तितकी मजा जास्त, आणि लगेच हाती आला तर म्हणायचं की दम नव्हता. दुसऱ्याच्या धडपडीत आपला आनंद असणं, याला आपल्याकडे हिंसानंद म्हणतात आणि तो रौद्रध्यानात मोडतो. ती माणसं दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना तलावाचं, पहाटेचं, शांततेचं प्रेम असेल. पण शांत बसायला गळ लागत नाही, माळही पुरते.

मग नातवाला मृगसेन धीवराची गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीत आहेच, तरी थोडक्यात सांगते. अवंती देशात क्षिप्रेच्या काठी मृगसेन नावाचा कोळी राहत होता. त्याला यशोधर मुनी भेटले. पोटाचा धंदा एकदम सुटणार नव्हता, म्हणून मुनींनी लहानसा नियम दिला: आज जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून द्यायचा. पहिल्यांदा मोठा मासा आला. ओळखीसाठी त्याला चिंधी बांधून मृगसेनाने सोडला. पुन्हा जाळं टाकलं तर तोच मासा. असं पाच वेळा झालं आणि पाचही वेळा त्याने सोडला. रिकाम्या हाताने घरी गेला तेव्हा बायकोने दार लावून घेतलं. तो बाहेरच णमोकार म्हणत झोपला आणि साप चावून मेला. पण पाच वेळा जीव सोडल्याच्या पुण्याने पुढच्या जन्मी त्याचा जीव पाच वेळा वाचला. आचार्य विद्यासागर महाराजांचे गुरू आचार्य ज्ञानसागर महाराजांनी याच कथेवर 'दयोदय' हे चंपूकाव्य संस्कृतात लिहिलं.

नातवाने लगेच पकडलं, "मग आजी, तोसुद्धा सोडतच होता की!"

त्याच्यासाठी मी एक खरी गोष्टही शोधून ठेवली होती. इंग्लंडमध्ये ब्लूबेल लेक्स नावाची मासे पकडायची तळी आहेत. तिथे बेन्सन नावाची एक प्रचंड मोठी कार्प होती. लांबून लोक फक्त तिला पकडायला येत. ती साठाहून अधिक वेळा गळाला लागली आणि दर वेळी फोटो काढून सोडली गेली. २००९ साली ती मेली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. मृगसेनाचा मासा पाच वेळा सुटला, बेन्सन साठ वेळा सुटली. मग बेन्सनला पकडणाऱ्यांना बारापट पुण्य? नाही ना! मृगसेन मासा सोडत होता तेव्हा त्याचं रात्रीचं जेवण जात होतं, घर जात होतं. सोडणं हा त्याचा त्याग होता. इकडे मजा आधीच घेऊन झालेली असते आणि सोडताना हातचं काहीच जात नाही. उलट सोडलेला मासा पुन्हा पकडता येतो. नातू यावर काही बोलला नाही, पण विचारात पडला.

याच्या जोडीला आपल्या रोजच्या जिवाणीचा विचार करा. पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव आपण ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत पोहोचवायचे, असं आपल्या आज्या-पणज्या विहिरीवर करत आल्या. तेही परत सोडणंच आहे. पण तिथे पाणी पिणं अटळ होतं आणि त्यात जीव जाऊ नये म्हणून ते कष्ट होते. अटळ आरंभी हिंसा कमी करण्यासाठी सोडणं वेगळं, आणि हौसेसाठी मुद्दाम पकडून सोडणं वेगळं. ज्याची गरजच नाही अशा हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात.

गंमत म्हणजे परदेशातही काही जण इथवर पोहोचले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडायला कायद्याने मनाई आहे. जर्मनीतही प्राण्याला वेदना द्यायला सबळ कारण लागतं आणि नुसती करमणूक हे कारण धरत नाहीत. त्यांचं म्हणणं, खायला पकडा, खेळायला नको. खाण्याचा भाग आपल्याला मान्य नाही, पण 'खेळायला नको' हे आपल्या अनर्थदंडविरतीच्या किती जवळ आहे पाहा. आपल्या देशात तर इ.स. १५८३ च्या सुमारास आचार्य हीरविजयसूरींच्या उपदेशावरून अकबराने फत्तेपूर सीक्रीच्या मोठ्या तलावात मासे पकडायला बंदी घातली होती.

काठीच्या पैशांचं उत्तरही इथेच मिळालं. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत एक हिंसादान आहे, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. वाढदिवसाची भेट म्हणून गळ देणं हे सरळ त्यात बसतं. मी नातवाला स्पष्ट सांगितलं, काठीला पैसे मिळणार नाहीत, दुर्बिणीला मिळतील. तलावावर जायला, मित्राच्या वडिलांशेजारी बसायला आजीची ना नाही. मित्र सोडायला मी सांगितलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. थोडे दिवस तो रुसला. आता दुर्बीण घेऊन बगळे आणि मगरी बघतो. पुढे मोठा झाल्यावर काय करील ते त्याच्या हातात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी. पवईच्या तलावात सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, चोरून जाळी टाकली जातात, तेव्हा तक्रारी करण्यात ही गळवाली मंडळी पुढे असतात. रोज पाण्याकडे बघणाऱ्याला पाणी बिघडलेलं आधी कळतं. जलपर्णी आणि सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. ते मासे गळाने मरत नाहीत. ते आपल्यासारख्या इमारतींच्या मोऱ्यांतून येणाऱ्या पाण्याने मरतात, आणि त्या इमारतींत शुद्ध शाकाहारी घरंही आहेत. आपण हातात गळ धरला नाही म्हणून तलावातल्या जिवांशी आपला संबंध संपला, असं होत नाही. हाही प्रमाद आहे.

म्हणून घरात मुलांनी हा प्रश्न विचारला तर नुसतं 'पाप लागतं' म्हणू नका. पाच अतिचार सांगा, मृगसेनाची गोष्ट सांगा, आणि आनंद नेमका कशात आहे ते त्यालाच शोधू द्या. बरोबरीने आपल्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं ते पुढच्या मीटिंगला विचारा. कपड्यांचा साबण मोजून वापरा. निर्माल्य पाण्यात टाकू नका, झाडांच्या मुळाशी घाला. अनंत चतुर्दशीला आपलं दशलक्षण पर्व संपतं आणि त्याच दिवशी पवईच्या घाटावर गणपतींचं विसर्जन असतं. नंतर क्षमावाणीला आपण सगळ्या जिवांची क्षमा मागतो. त्यात जलचरही येतात, एवढं त्या दिवशी आठवलं तरी पुष्कळ आहे.

जय जिनेंद्र.