भिंत लंडनची, भाची पेंटरची

लोक लंडनला जाऊन बिग बेनसमोर फोटो काढतात. मी तीन तास एका बोगद्यात मास्क लावून भिंत रंगवली आणि एक जुनं खोटं निस्तरलं!

‘‘डबा आधी चांगली दोन मिनिटं हलवायचा. आतली गोळी वाजली पाहिजे.’’

आमचा ट्रेनर सांगत होता आणि आम्ही आठ जण जीव खाऊन स्प्रे-पेंटचे डबे हलवत होतो. खळ्ळ-खळ्ळ-खळ्ळ. एकाच बारशाला आठ खुळखुळे आणले तर जसा आवाज येईल, अगदी तस्सा! माझ्या एका बाजूला लग्नाआधीची धमाल करायला आलेल्या चार मैत्रिणी होत्या. दुसऱ्या बाजूला सत्तरीच्या एक आजी. त्यांनी घरूनच अॅप्रन आणला होता. आणि मधे मी, नव्याकोऱ्या जीन्समध्ये. (हो, गेली ती जीन्स. रामनाम सत्य है.)

स्थळ : लंडनच्या वॉटर्लू स्टेशनच्या पोटातला लीक स्ट्रीट बोगदा. निमित्त : माझा वाढदिवस. हौन्स्लोला राहणाऱ्या माझ्या आयटीवाल्या मैत्रिणीने गिफ्ट म्हणून ग्राफिटी वर्कशॉपचं बुकिंग केलं होतं. ‘‘तुला लिहायला काहीतरी मिळेल,’’ असं तिचं म्हणणं. फ्रीलान्स पत्रकाराला वाढदिवसाच्या दिवशीही कुणी सुट्टी देत नाही, ते हे असं.

इथे लिहायला परवानगी आहे!

भिंतीवर लिहिणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ‘येथे जाहिराती लावू नयेत’ ही सूचना आणि बरोब्बर तिच्यावर चिकटवलेली क्लासची जाहिरात! लीक स्ट्रीटचा फंडा एकदम उलटा. सुमारे ३०० मीटरचा हा बोगदा खालपासून छतापर्यंत रंगलेला आहे आणि तिथे कुणीही, कधीही, परवानगी न मागता रंगवू शकतं. नियम मोजकेच. वर्णद्वेषी लिहायचं नाही, बायकांचा अपमान करणारं लिहायचं नाही आणि जाहिरात करायची नाही.

याचं श्रेय बँक्सी नावाच्या त्या गूढ बाबाला. एकेकाळी या बोगद्यातून युरोस्टारच्या टर्मिनलकडे टॅक्सींची ये-जा असायची. नोव्हेंबर २००७ मध्ये युरोस्टार तिथून हलली आणि बोगदा ओस पडला. मे २००८ मध्ये बँक्सीने जगभरातल्या स्टेन्सिल कलाकारांना बोलावून तिथे तीन दिवसांचा ‘कॅन्स फेस्टिव्हल’ भरवला. रंगाचे कॅन आणि फ्रान्समधला तो सुप्रसिद्ध फिल्म फेस्टिव्हल, अशी दोघांवर केलेली कोटी. तीन दिवस संपले, पण भिंत खुलीच राहिली. आता आजूबाजूच्या कमानींमध्ये बार आणि रेस्तराँ आली आहेत. लोक हातात बिअर घेऊन रंगकाम बघत उभे राहतात.

पण बोगद्याबाहेर पाऊल टाकलंत आणि तोच डबा तिथल्या भिंतीवर चालवलात, तर गाठ कायद्याशी. ब्रिटनच्या १९७१ च्या कायद्याखाली दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस हा सरळ गुन्हा आहे आणि २००३ च्या कायद्याने तर इंग्लंडमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांना स्प्रे-पेंट विकायलाही बंदी आहे. हसू नका, आपल्याकडेही मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ पासून आहे. दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बघून तसं वाटत नाही, ही गोष्ट वेगळी!

टाकी नावाचा मुलगा

मास्क आणि हातमोजे चढवायच्या आधी अर्धा तास थिअरी. ट्रेनरबद्दल माझी कल्पना म्हणजे टक्कल, टॅटू, कानात बाळी. प्रत्यक्षात हा इसम आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांसारखा निघाला. स्वेटर, चष्मा आणि ‘मागे बसलेल्यांनी लक्ष द्या’वाला आवाज.

त्याने सांगितलेली पहिली गोष्ट मला जाम आवडली. ग्राफिटीवाले स्वतःला चित्रकार नाही म्हणवत. ते म्हणतात ‘रायटर’, म्हणजे लेखक! कारण या सगळ्याची सुरुवात चित्रापासून नाही, नावापासून झाली. न्यूयॉर्कमध्ये टपाल-पार्सलं पोचवणारा एक पोरगा जाईल तिथे मार्करने ‘टाकी १८३’ लिहायचा. टाकी हे त्याचं घरगुती नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर बातमी छापली आणि शहरभर त्याची नक्कल करणारे उगवले.

मला गंमत वाटली. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव करतात, त्याने गल्लीचा नंबर लावला. ‘मी इथला आहे’ एवढंच तर दोघांना सांगायचं असतं. आणि आम्ही पत्रकार तरी काय करतो? लेखाखाली नाव छापून आलं की कात्रण आईला पाठवतो. सही म्हणजे ‘टॅग’, फुगीर दुरंगी अक्षरं म्हणजे ‘थ्रो-अप’ आणि साग्रसंगीत काम केलं की तो ‘पीस’. तीन तासांत आम्हाला थ्रो-अपपर्यंत पोचायचं होतं.

‘‘स्वतःचं खरं नाव नको. तीन-चार अक्षरांचं टोपणनाव घ्या,’’ ट्रेनर म्हणाला. मी ताबडतोब इंग्रजीत ‘इंक’ घेतलं. पत्रकार ना मी! शाई वगैरे. कसली क्रिएटिव्ह मी, असं वाटून घेतलं.

मनगट नको, खांदा!

आता डब्याची गोष्ट. डबा भिंतीच्या जवळ नेला तर रेघ बारीक आणि धारदार येते, लांब नेला तर पसरट आणि धुरकट. हात हळू चालला की रंग ओघळतो. वरचं टोपण, म्हणजे ‘कॅप’, बदललं की रेघेची जाडी बदलते. आधी फिक्या रंगात कच्चं अक्षर, मग आतला रंग, मग गडद बाह्यरेषा आणि शेवटी पांढऱ्याची चमक. काम झालं की डबा उलटा धरून दाबायचा, नुसता वायू यायला लागला की थांबायचं. म्हणजे पुढच्या वेळी तोंड तुंबत नाही.

ऐकायला किती सोप्पं! माझ्या ‘इंक’मधल्या ‘आय’ला मुडदूस झाला, ‘एन’ वितळला आणि ‘के’चा पाय मुरगळला. शेजारच्या आजी एव्हाना गुलाबी रंगात मांजर काढून मोकळ्या झाल्या होत्या.

ट्रेनर मागे येऊन उभा राहिला. ‘‘तू मनगटातून लिहितेयस. वहीत लिहितात तसं. भिंतीवर खांद्यापासून लिहायचं. सगळा हात फिरू दे. गरज पडली तर पायही हलव.’’

आणि मला एकदम मामा आठवला. अगदी हेच वाक्य. फक्त सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावचं, ‘‘आगं, मनगट नगं, खांदा!’’

मामा काय करतो?

माझा मामा पेंटर. म्हणजे बोर्ड रंगवणारा. किराणा व भुसार माल, रसवंतीगृह, ट्रॅक्टर गॅरेज, ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’, सगळं गाव त्याच्या अक्षरात वाचायचं. मे महिन्याच्या सुट्टीत रंगाचा डबा धरायचं काम माझं. दोरीला खडूची पूड चोळून, एक टोक माझ्याकडे, एक त्याच्याकडे, आणि मधे ओढून फटकन सोडायची. भिंतीवर सरळ रेघ तयार! मग एका हातात काठी, तिच्यावर ब्रशचा हात टेकवून तो अक्षरं काढायचा. आणि काम संपलं की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पेंटर’ आणि पुढे स्वतःचं नाव. ती त्याची बायलाइन.

मग फ्लेक्स आला. मामाला एका बोर्डाला दोन दिवस लागायचे, फ्लेक्सवाला दोन तासांत द्यायचा. वर मालकाचा फोटोही! आधी दुकानं गेली, मग निवडणुकीच्या भिंती. एक दिवस मामाने सगळे ब्रश रॉकेलने स्वच्छ धुतले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. आता तो एका शाळेत शिपाई आहे. फळ्यावरचा सुविचार मात्र रोज तोच लिहितो.

आता ते खोटं. मास कॉमला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये घरच्यांच्या गप्पा निघाल्या. कुणाचे काका अॅड एजन्सीत, कुणाची मावशी टीव्हीत. माझ्याकडे बघून कुणीतरी विचारलं, ‘‘तुझ्याकडे कोण आहे का क्रिएटिव्ह?’’ मी म्हटलं, ‘‘मामा कमर्शियल आर्टिस्ट आहे.’’ दिसायला खोटं नव्हतंच ते. पण ‘बोर्ड रंगवायचा, आता शिपाई आहे’ हे माझ्या तोंडून निघालं नाही, ते नाहीच. नंतर तो एकदा डबा द्यायला होस्टेलवर आला, तेव्हा मी त्याला गेटवरूनच लावून दिला. वर बोलावलं नाही. त्यालाही ते कळलं असणार. बोलला काहीच नाही.

आणि आता मी पाउंड मोजून, विमानाने येऊन, एका अनोळखी माणसाकडून तेच शिकत होते, जे मामाने मला सातव्या वर्षी फुकटात शिकवलं होतं. बोला!

दोरीवरची अक्षरं

मी ‘इंक’वर पांढरा रंग मारला. ट्रेनरला विचारलं, माझ्या लिपीत लिहू का? तो म्हणाला, ‘‘भिंत तुझी आहे.’’

टोपणनाव शोधायला वेळ लागला नाही. ‘भाची’.

इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली वरून टांगलेली असतात. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. हे मामाचंच वाक्य. त्यामुळे मी सगळ्यात आधी वरची रेघ मारली. खांद्यापासून, चालत चालत, एका दमात. मग तिला ‘भ’ टांगला, काना, ‘च’, वेलांटी. आत केशरी, बाहेर काळा. मनगट गोठवून ठेवलं. बोटं दुखायला लागली, चष्म्यावर रंगाचे कण बसले, पण अक्षरं एकमेकांना धरून उभी राहिली. सॉरी, टांगली गेली. पर्सला धरून उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणीने चक्क शिट्टी मारली.

शेवटी बारीक रेघेची कॅप लावून खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘पेंटर’ आणि पुढे मामाचं नाव. आजींनी विचारलं, हे कोण? म्हटलं, ‘‘माझा मामा. बोर्ड रंगवायचा. मला त्याने शिकवलंय.’’ तीन छोटी वाक्यं. ती बोलायला मला लंडनपर्यंत यावं लागलं.

रात्री मामाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. तिकडे पहाट होती, पण ब्लू टिक लगेच आल्या. मग बराच वेळ काहीच नाही. मग व्हॉइस मेसेज : ‘‘रेघ सरळ आलीया. ‘भ’ची गाठ बुजली, ती मोकळी पाहिजे. आणि वेलांटी आखूड पडली की गं.’’ थोडी शांतता. ‘‘बाकी बरं झालंय. माझं नाव कशाला घातलंस? तुझं काम हाय ते.’’

कोपऱ्यातलं नाव

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत बोगद्यात गेले. म्हटलं, दिवसाउजेडी एक चांगला फोटो काढू. (बोगद्यात कसला आलाय दिवसाउजेड!) आणि बघते तर काय, माझी ‘भाची’ गायब! तिच्या जागी एक भलामोठा निळा पक्षी, पंख पसरून. चोवीस तासही टिकलं नव्हतं. इथे हे असंच चालतं, हे ट्रेनरने आधीच सांगितलं होतं. कुणी कुणाला विचारत नाही, रंगावर रंग चढत राहतो. तरी पोटात खड्डा पडलाच. पंखाखाली शोधलं, तर शिरोरेषेचा बोटभर तुकडा तेवढा दिसत होता. कोपऱ्यातलं नावही गेलं होतं.

मामाला सांगायचं की नाही, यात दोन दिवस गेले. शेवटी फोन केला.

‘‘मामा, ते पुसलं रे कुणीतरी.’’

‘‘कुणी? फ्लेक्स लावला काय?’’

‘‘नाही नाही. दुसऱ्या एकाने त्याच्यावर चित्र काढलं. पक्षी.’’

‘‘हातानं?’’

‘‘हो, हातानंच.’’

‘‘मग असू दे की. सुविचार मी रोज लिहितो आन् रोज पुसतो. पेंटरनं पुसलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही.’’ मग जरा थांबून त्याने विचारलं, ‘‘त्याचं कसं झालंय? बरं झालंय का?’’

मी फोन तसाच ठेवून दुसऱ्या हाताने फोटो उघडला, झूम करून नीट बघितला. पंखाची एकेक रेघ खांद्यापासून आलेली होती.

‘‘झालंय बरं,’’ म्हटलं. ‘‘माझ्यापेक्षा खूपच बरं.’’

‘‘मग पाठव की फोटो,’’ मामा म्हणाला.