कुंभार्लीची वाट आणि गाडीची अर्थिंग

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कऱ्हाडचा रस्ता पूर्वेकडे निघतो. पिंपळी, शिरगाव, पोफळी ही गावे मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो. कोयना प्रकल्पाचे विजेचे मनोरे रस्त्याच्या आजूबाजूने डोंगर चढत जातात. 1,960 मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प. पोफळी-अलोरेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणी पुढे आपल्या वाशिष्ठीलाच मिळते. घाटमाथ्यानंतर कोयनानगर, पाटण आणि मग कऱ्हाड. एकूण अंतर सुमारे शंभर किलोमीटर.

आमच्यासारख्या अनेक घरांना ही वाट दवाखान्यामुळे पाठ झाली आहे. अम्मींच्या डोळ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून एकदा कऱ्हाड गाठावे लागते. परतताना बहुधा घाटमाथ्यावरच मगरिबची वेळ होते. पुढची सगळी वळणे अंधारात आणि पावसाळ्यात धुक्यात उतरावी लागतात. अशा वेळी गाडीच्या दिव्यांवर माणसाचा जीव असतो.

आमची गाडी 2006 सालची, लहान, पेट्रोलवर चालणारी. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणच्या बाजारपेठेसह वस्त्याच्या वस्त्या बुडाल्या. आमची गाडीही अंगणात बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर इंजिन धुऊन घेतले, सीट उन्हात वाळवल्या, गाडी चालू झाली. पण पुराचे पाणी वायरिंगमध्ये शिरले की त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी तो वर येतो.

आमच्या बाबतीत तसेच झाले. रात्री घाट उतरताना हेडलाइट पिवळे पडत. हॉर्न दाबला की आणखी मंद होत. वायपर रेंगाळे. एका गॅरेजने बॅटरी बदलून दिली. महिन्याभरात पुन्हा तेच. मग सांगण्यात आले की अल्टरनेटरही नवा घाला. खर्चाचा आकडा ऐकून घरात गाडी भंगारात देण्याची भाषा सुरू झाली. पण मग अम्मींना एसटीने न्यायचे, तर पहाटे निघून रात्री उशिरा परतायचे. डोळ्यांवर पट्टी असताना ते कसे जमणार?

शेवटी आम्ही नाक्याजवळच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. भिंतीवर वायरींचे वेटोळे, कोपऱ्यात पाण्याचा माठ. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पुरानंतर बुडालेल्या कितीतरी गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. अम्मींना बघून त्यांनी आधी स्टूल पुढे केले. "खाला, बसा. घाई करू नका, आज काही बदलायचे नाही, फक्त बघायचे आहे."

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, सेल्फ कसा लागतो?" झटक्यात, आम्ही म्हणालो. "मग बॅटरी ठीक आहे. गाडीत सगळ्यात जास्त करंट सेल्फ ओढतो. बॅटरी मेली असती तर आधी तोच रडला असता."

मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून त्यांनी मीटर धरला. बॅटरीवर 14.1 व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटरही आपले काम नीट करत होता. हेडलाइटच्या बल्बपाशी मात्र 10.8. वाटेत 3.3 व्होल्ट हरवले होते. ते कुठे हरवले हे शोधायला त्यांनी वाटेचे दोन भाग केले. बॅटरीच्या प्लसपासून बल्बपर्यंत 0.7 गेले होते. बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 2.6. बेरीज बरोबर 3.3! आम्ही वर्गात गणित शिकवताना ताळा करून बघायला सांगतो, तोच प्रकार इथे चालला होता.

"करंट जातो तसा परतही यायला हवा," उस्ताद म्हणाले. दिवे, वायपर, हॉर्न यांचा करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परततो. इंजिन रबरावर बसवलेले असते, म्हणून बॅटरी, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची वायर लागते. आमच्या गाडीत ती बॉडीला जिथे बोल्टने आवळली होती तिथे गंज आणि हिरवट-पांढरी भुकटी जमली होती. बोल्ट वरून घट्टच दिसत होता.

बोल्ट काढून त्यांनी पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरीचे काळे पडलेले टोक तांबे उजळ दिसेपर्यंत कापले, नवे थिंबल दाबून बसवले आणि जोडावर ग्रीस लावले. पुन्हा मोजले तर परतीच्या वाटेवर फक्त 0.2 आणि बल्बपाशी 13.2. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने घटले होते, पण तेवढ्याने प्रकाश जवळजवळ निम्मा होतो, हे त्या दिवशी समोरच्या भिंतीवर दिसले.

वायरिंग तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. कोणीतरी फॉग लॅम्पसाठी बॅटरीवरून थेट वायर ओढली होती, मध्ये फ्यूज नव्हता. "ही वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर आग," असे म्हणत उस्तादांनी बॅटरीजवळच 15 अँपिअरचा फ्यूज बसवला. एकूण मजुरी झाली 600 रुपये.

कोकणातल्या दमट हवेत जुनी गाडी वापरणाऱ्या वाचकांसाठी उस्तादांच्या दोन-तीन गोष्टी लिहून ठेवतो. पावसाळ्याआधी आणि नंतर अर्थचे जोड उघडून साफ करून घ्या. मोजणी नेहमी दिवे चालू ठेवूनच करून घ्या. करंट वाहत नसेल तर खराब जोडही मीटरवर चांगलाच दिसतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नका, उडण्याचे कारण शोधा. आणि कोणी महागडा भाग बदलायला सांगितला तर आधी एवढेच विचारा, "मोजून बघितले का?"

त्यानंतर चार वेळा आम्ही कुंभार्लीतून रात्री उतरलो. अल्हम्दुलिल्लाह, दिवे पांढरेस्वच्छ आहेत. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी अम्मींना अजून सहा महिने यायला सांगितले आहे.