एकवीस जणी

२४ डिसेंबर १९३७. सकाळचे दहा वाजले होते. नानजिंगच्या जिनलिंग महिला महाविद्यालयात मिनी वॉट्रिन यांना कचेरीतून बोलावणं आलं. जपानी सैन्याच्या एका डिव्हिजनचा वरिष्ठ सल्लागार भेटायला आला होता, सोबत एक म्हातारा चिनी दुभाषा. मागणी साधी होती. तुमच्या आवारात दहा हजार निर्वासित बायका-मुलं आहेत. त्यांतल्या वेश्या तेवढ्या आम्हाला निवडून नेऊ द्या. शंभर हव्यात. सैनिकांसाठी परवान्याचं ठिकाण सुरू झालं, की ते भल्या घरच्या बायकांच्या वाटेला जाणार नाहीत.

वॉट्रिनबाईंनी परवानगी दिली.

त्यांच्या रोजनिशीतली ही नोंद वाचताना पहिल्यांदा येतो तो राग. तो मनातून सहजी जातही नाही.

बाई अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या. १९१२ साली मिशनरी म्हणून चीनला आल्या, मुलींची शाळा चालवली, १९१९ मध्ये जिनलिंगला आल्या आणि तिथल्याच झाल्या. १९३७ च्या जुलैत जपानशी युद्ध पेटलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पुढच्या वर्षी वैद्यकीय पथकाबरोबर ज्या युद्धातल्या जखमींसाठी गेले, तेच हे युद्ध. १३ डिसेंबरला नानजिंग पडलं आणि जपानी सैन्याने शहरात कत्तल मांडली. पुढे टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने इथल्या बळींचा आकडा दोन लाखांच्या वर धरला. अमेरिकन वकिलातीने निघा म्हणून सांगितलं होतं, तरी बाई राहिल्या. मागे राहिलेल्या मूठभर परदेशी लोकांनी शहरात एक सुरक्षा क्षेत्र आखलं होतं. त्याचे अध्यक्ष सीमेन्स कंपनीचे जॉन राबे हे जर्मन गृहस्थ, तेही नाझी पक्षाचे सभासद. राबणारे हात मात्र बरेचसे मिशनऱ्यांचे होते. डॉ. रॉबर्ट विल्सन इस्पितळात शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया करत होते. पाद्री जॉन मगी जखमींचं चित्रीकरण करत होते. वायएमसीएचे जॉर्ज फिच यांनी ती फिल्म कोटाच्या अस्तरात शिवून शांघायला पोचवली. सैनिकांनी काय केलं हे जगाने डोळ्यांनी पाहिलं ते तिच्यामुळे.

जिनलिंगमध्ये फक्त बायका आणि मुलं घ्यायची, असं ठरलं होतं. जागेचा हिशेब केला तेव्हा २,७५० माणसं मावतील असं दिसत होतं. आली दहा हजार. खोल्या भरल्या, जिने भरले, व्हरांडे भरले. तरुण मुलींना आत जागा मिळावी म्हणून वयस्कर बायकांना घरीच राहायची विनवणी करावी लागली. सैनिक कुंपणावरून उड्या टाकून येत आणि बाई या इमारतीतून त्या इमारतीत धावत जाऊन त्यांना हाकलत. हातात ना शस्त्र ना अधिकार. होता तो गोरा चेहरा आणि आवाज.

१७ डिसेंबरच्या रात्री तोही उपयोगी पडला नाही. चिनी सैनिक लपलेत का ते पाहायचं, असं सांगून जपान्यांनी झडतीचं नाटक केलं, बाईंना आणि सहकाऱ्यांना पुढच्या फाटकाशी अडकवून ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने बारा जणींना नेलं. त्याच दिवशी एका सैनिकाने बाईंच्या थोबाडीत मारली होती. जी बाई थोबाडीत खाऊनही फाटक सोडत नाही, तीच सात दिवसांनी कचेरीत बसून शोधाशोध होऊ देते. हे पचत नाही.

म्हणून २४ तारखेपाशीच थांबायला हवं. बाईंनी आधी कबूल करून घेतलं होतं, की सभ्य मुलींना हात लावायचा नाही. मगच शोध सुरू झाला. सल्लागार तेवढा वेळ बाईंच्या कचेरीतच बसून होता. बऱ्याच वेळाने एकवीस जणी मिळाल्या. बाकीच्या कुणकुण लागताच पळाल्या किंवा लपून राहिल्या असाव्यात, अशी नोंद आहे. नंतर मुलींचे घोळके बाईंकडे येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच: उरलेल्या एकोणऐंशी जणी आता आमच्यातून नेणार का? आपल्या हातात असेल तोवर तसं होऊ देणार नाही, एवढंच त्या सांगू शकल्या.

राबे यांच्याही रोजनिशीत हा प्रसंग आहे, पण तो निराळाच. त्यांच्या सांगण्यानुसार, एकही मुलगी देण्यापेक्षा मरण पत्करायला बाई तयार होत्या. तेवढ्यात रेड स्वस्तिक सोसायटी या चिनी सेवाभावी संस्थेच्या एका परिचित गृहस्थाने गर्दीला उद्देशून चार गोड शब्द उच्चारले आणि कितीतरी तरुणी आपणहून पुढे आल्या. जाण्याचं त्यांना दुःखही नव्हतं. बाई अवाक झाल्या.

कोणती हकीकत खरी मानायची? राबे यांनी ऐकलेलं लिहिलं. बाईंनी स्वतःच्या कचेरीत घडलेलं लिहिलं. आणि स्वतःला निर्दोष ठरवणारी हकीकत त्यांनी लिहिली नाही, आम्ही परवानगी दिली असं लिहिलं. त्यामुळे बाईंचाच शब्द जास्त वजनाचा वाटतो. शिवाय ‘आपणहून’ म्हणजे काय? बाहेर शहर जळतंय, आत पोटाला पातळ पेज, फाटकाशी बंदूक. अशा ठिकाणी पुढे टाकलेल्या पावलाला कुणी खुशी म्हणू नये. खुशीने गेल्या असं लिहिणारे बहुधा पुरुषच असतात.

जास्त सलतो तो ‘सभ्य’ हा शब्द. तो आधी सल्लागाराने वापरला आणि बाईंनी उचलला. आसरा मागत आलेल्या दहा हजारांना एकाच फाटकातून आत घेतलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा त्यांना चाळणी लावली गेली. वेश्या म्हणून जगणाऱ्या बाईलाही त्या आवारात तितकाच आसरा हवा होता. कदाचित जास्तच, कारण तिच्यासाठी भांडायला कुणाचे आईबाप येणार नव्हते. आज कुठेही निर्वासितांची छावणी चालवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट धरून ठेवावी: समोरचा ‘एवढ्या द्या, बाकीच्यांना सोडतो’ म्हणाला, तर त्याचं उत्तर एकट्या माणसाने द्यायचं नाही, आणि लगेच तर नाहीच.

पण हे लिहिणं सोपं आहे. अकरा दिवस धड झोप नसलेल्या एक्कावन्न वर्षांच्या बाईने नाही म्हटलं असतं, तर तो सल्लागार टोपी घालून निघून गेला असता? १७ तारखेच्या बारा जणींना कुणाची परवानगी लागली होती? एकवीस देऊन हजार वाचतील, हा हिशेब बाईंनी मांडला असेल, तर तो क्रूर म्हणावा की अगतिक? सुरुवातीचा राग इथे पोचेपर्यंत पातळ होतो. पूर्ण जात नाही, पण बाईंवरून सरकतो आणि ज्याने तो हिशेब मांडायला लावला त्याच्यावर जाऊन बसतो.

त्या नाताळात आवारातल्या एका खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावून, बाहेर उजेड दिसणार नाही अशा बेताने, प्रार्थना झाली. पुढच्या वर्षी बाईंनी निराधार बायकांना हाताला काम शिकवणारे वर्ग काढले, मुलींची शाळा सुरू केली. चिनी सरकारने त्यांचा सन्मान केला, आणि लोक त्यांना करुणेची देवी म्हणू लागले. बाईंना मात्र आपण कमी पडलो असंच वाटत राहिलं. १९४० च्या वसंतात मन पुरतं खचलं, त्यांना अमेरिकेला नेलं. १४ मे १९४१ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. मिशिगनमधल्या शेपर्ड गावी त्यांच्या थडग्यावर चार चिनी अक्षरं कोरलेली आहेत. अर्थ: जिनलिंग अमर राहो.

त्याच हिवाळ्यातलं आणखी एक काम सांगायला हवं. १९३८ च्या जानेवारीत जिनलिंगमधल्या बायका सांगू लागल्या, की आमचे नवरे, आमची मुलं सैनिकांनी पकडून नेली. बाईंनी अर्ज करायचं ठरवलं. नावं लिहून घ्यायला टेबल मांडलं आणि बायकांची रांग लागली. कुणाला नेलं, कधी नेलं, हे एकेक करून कागदावर उतरू लागलं.  शेकडो जणींनी नावं दिली. त्यांची माणसं जवळजवळ कुणीच परत आली नाहीत, तरी टेबल उठवलं नाही. नव्या बायका येतच होत्या.