ओळख

पोटासाठी भाषांतरे करू लागलो तेव्हा आम्ही लिंक्डइनवर दाखल झालो. २००३ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर पाचशे ओळखी ओलांडल्या की पाहणाऱ्याला नुसते '५००+' दिसते. नागपुरात, धंतोलीतल्या खोलीत बसून आम्ही तोही टप्पा गाठला. सर्वांना एकच साचेबद्ध निरोप धाडला. काम एकही आले नाही.

मग पंधरा वर्षांत न भेटलेल्या एका वर्गमित्राने तिथेच विचारले, "एका शब्दासाठी तीन-तीन कोश चाळायचास, तो तूच ना?" पहिले काम त्याने दिले.

जिवलगांना आपल्याइतकेच ठाऊक असते, नवी वार्ता दूरच्या परिचितांकडून येते, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले. ते पटते. पण आमच्या त्या दूरच्या धाग्याला कोशांची आठवण बांधलेली होती. मराठीत 'ओळख' म्हणजे परिचय. 'ओळखणे' म्हणजे 'हा तोच' हे जाणणे. इतवारीतला व्यापारी ओळखीवर उधार देतो, तो या दुसऱ्या अर्थाने. पाचशे जणांना आम्ही दिसत होतो, ओळखले एकाने. आणि त्या पाचशेंपैकी आम्ही तरी कितीजणांना ओळखत होतो?