शिरोरेषा आणि गुण्या

बडोद्याच्या दांडिया बाजारात गायकवाडी काळापासून नांदत आलेली काही मराठी घरे अद्याप आहेत. त्यांपैकी एका घराच्या मागील पडवीत अण्णांचे सुतारकामाचे टेबल जवळजवळ पन्नास वर्षे एकाच जागी उभे होते. अण्णा व्यवसायाने पॅटर्नमेकर. ओतकामाच्या कारखान्यात ज्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा घेतात, तो नमुना घडविणारे. थंड होताना बीड शेकडा एकाच्या आसपास आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावयाचा असतो. लाकडात जे दिसते तेच धातूत उतरत नाही, हे अशा रीतीने त्यांच्या हाताला फार लवकर कळले होते. संध्याकाळी घरी आल्यावर ते दारावरच्या पाट्या कोरीत: गुजराती शेजाऱ्यांसाठी गुजराती लिपीत, मराठी घरांसाठी देवनागरीत. लाकूड बहुधा वलसाडी साग.

2021 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. प्रारंभी चहाचा पेला हिंदकळे. पुढे पेन्सिल डळमळू लागली. पटाशी मात्र त्यांनी सोडली नाही. 2022 मध्ये मुलीने बंगळूरला घर घेतले. दारासमोर काटेसावरीचे झाड होते म्हणून घराचे नाव ‘शाल्मली’ ठरले, आणि पाटी अण्णांनीच कोरावयाची हेही ओघानेच ठरले. पहिल्याच अक्षराच्या वळणावर पटाशी घसरली आणि तिरपी रेघ फळीवर दूरवर ओढली गेली. अण्णांनी फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली, पटाश्यांना तेल लावले, त्या फडक्यात गुंडाळल्या. घरात या विषयावर कोणी काही बोलले नाही.

मुलगा विमा कार्यालयात नोकरीस. वय पन्नाशीच्या पुढे. सुतारकाम त्याला येत नव्हते. संगणकाच्या आज्ञेने चालणारे राउटर यंत्र पडवीत स्वतःच उभे करण्याचा निश्चय त्याने 2023 च्या उन्हाळ्यात केला, तो वडिलांना सांगून नव्हे. दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद अशा त्या जागेत कारखान्यातले तयार यंत्र मावणारही नव्हते आणि परवडणारही नव्हते.

अंकांच्या आधारे हत्यार चालविण्याची ही विद्या तशी जुनी आहे. हेलिकॉप्टरची पाती बनविणाऱ्या जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून निघालेल्या प्रयत्नांना 1952 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत फळ आले, आणि छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांनी पाहिले. तेव्हाची नियंत्रणाची कपाटे खोली व्यापून टाकीत. तेच काम आता तळहाताएवढ्या आर्डुइनो फलकावर होते. त्यासाठी लागणारा ‘जीआरबीएल’ हा प्रोग्राम एका नॉर्वेजियन गृहस्थाने 2009 मध्ये सर्वांसाठी खुला केला. उरते ते लोखंड, ॲल्युमिनियम आणि चिकाटी. पहिल्या दोन वस्तू मुलाला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मिळाल्या.

यंत्राची रचना सांगावयास सोपी आहे. ॲल्युमिनियमच्या खाचदार पट्ट्यांची चौकट. तिच्यावर पुढे-मागे सरकणारी कमान. कमानीवर डावी-उजवीकडे सरकणारी गाडी. गाडीवर खाली-वर होणारा हातराउटर. प्रत्येक दिशेला स्टेपर मोटर. अशी मोटर एका फेरीत 200 पावले टाकते. प्रत्येक पावलाचे विजेने आणखी आठ भाग करता येतात. फेरीला 5 मिलिमीटर पुढे नेणारा स्क्रू जोडला की एका मिलिमीटरात 320 पावले होतात. कागदावर ही सूक्ष्मता पाहून मुलगा सुखावला. लाकडावर मात्र तसे काही घडले नाही.

पहिल्या प्रयत्नात त्याने स्वस्त म्हणून बाजारातली साधी आटे पाडलेली दांडी वापरली होती. पात्याच्या जागी बॉलपेन बांधून त्याने कागदावर ‘म’ काढून पाहिला. गाठ जुळेना, रेघ जिथून निघाली तिथे परत येईना. दांडी आणि नट यांच्यामध्ये थोडी ढील असते, कारागीर जिला ‘प्ले’ म्हणतात. दिशा बदलली की आधी ती ढील भरून निघते आणि मगच गाडी हलते. आपल्या अक्षरांत दिशा पदोपदी बदलते. अण्णा पडवीच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहत होते. ‘दांडी बदल,’ एवढेच बोलून ते आत गेले. मुलाने बॉलस्क्रू आणले.

यंत्र सिद्ध झाल्यावर त्याच्याकडून पहिले काम करून घ्यावयाचे ते त्याच्या स्वतःच्या बैठकीचे. तळाची फळी त्याच्याच पात्याने तासून घेतात, म्हणजे फळी आणि पात्याची चाल समांतर होतात. मुलाला त्यात विलक्षण समाधान वाटले. यंत्राने जे स्वतःच सपाट केले ते यंत्राच्या मापाने सपाट असणारच, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले नाही.

मग त्याने एका टाकाऊ फळीवर संगणकातल्या तयार टंकात ‘शाल्मली’ कोरले आणि अण्णांना बोलाविले. अण्णांनी प्रथम फळीवर गुण्या ठेवला; एक बाजू शिरोरेषेला, दुसरी ‘शा’च्या कान्याला. गुण्या आणि काना यांच्यामध्ये खाली उजेडाची बारीक फट दिसली. ‘काटकोन नाही,’ ते म्हणाले.

‘अण्णा, मी चौकट मोजली होती.’

‘चौकट मोजलीस. कमान मोजलीस का?’

600 आणि 800 मिलिमीटर बाजूंच्या आयताच्या चार कोपऱ्यांवर मुलाने यंत्राकडूनच चार भोके पाडून घेतली. कर्ण बरोबर 1000 यावयास हवे होते. एक 1001.5 भरला, दुसरा 998.5. कमानीच्या दोन टोकांना दोन मोटरी होत्या आणि एक बाजू किंचित मागे राहिली होती. शंभर मिलिमीटरच्या कान्यात हा दोष 0.3 मिलिमीटरचा, परंतु शिरोरेषेखाली तो लपत नाही. आडवी रेघ आणि तिला टांगलेले उभे काने यांमुळे देवनागरीचा प्रत्येक शब्द आपल्या लेखनसाधनाची परीक्षा घेत असतो.

काटकोन दुरुस्त झाला. अण्णांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. ‘हा ल आपला नव्हे. शही नव्हे.’ टंकातली ती दोन अक्षरे हिंदी वळणाची होती. मराठीचे रूप पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचे. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात तीच प्रमाण मानली. पुष्कळ संगणकीय टंकांत दोन्ही रूपे असतात, परंतु मजकूर मराठी आहे असे संगणकाला वेगळे सांगितल्यावाचून दुसरे रूप बाहेर येत नाही. मुलाने ते शोधून काढले, नवी फळी कोरली आणि उत्साहाने पुढे केली. अण्णांनी अक्षरांवरून बोट फिरविले.

‘आता आपला झाला,’ ते म्हणाले. ‘माझा नाही झाला.’

त्यानंतर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. तीत अण्णांनी पाट्यांसाठी काढलेली कागदी अक्षरे होती. मुलगा रात्री त्यांची छायाचित्रे घेऊन संगणकावर कडा गिरवू लागला, आणि प्रत्येक अक्षरापाशी अडू लागला. ‘ली’च्या वेलांटीचा फुगवटा कुठे जाड व्हावयास लागतो? अण्णांना सांगता येईना. ते हवेत बोट फिरवीत, बोट थरथरे. जुन्या कागदांत ‘ल्म’ हे जोडाक्षर नव्हतेच; ते त्यांनी आता नव्याने पेन्सिलीने काढून दिले. त्या रेषेत कोणते वळण मनातले आणि कोणते कंपाचे? संगणकाकडे रेषा गुळगुळीत करण्याची सोय असते. मुलाने ती वापरली तेव्हा कंप गेला, आणि त्याबरोबर पाकळीच्या टोकाशी असलेला छोटा झोकही गेला. जीर्ण पोथीचा पाठ सिद्ध करणाऱ्याला हा पेच अपरिचित नाही: लेखकाची लकब कोणती आणि नकलेतली चूक कोणती, हे पोथी स्वतः सांगत नाही. पाठसंशोधकापुढे लेखक मात्र हयात नसतो. येथे तो पलीकडच्या खोलीत जागा होता. मुलाने एकाच अक्षराच्या तीन रेषा काढून कागद त्यांच्यापुढे ठेवला. अण्णांनी मधल्या रेषेवर बोट टेकले. ते बोटही थरथरतच होते, परंतु निवड निःशंक होती.

कोरावयाचे पाते टोकाशी नव्वद अंशांचे होते. असे पाते जितके खोल जाते तितकी रेघ रुंद होते: 6 मिलिमीटर रुंदीसाठी 3 मिलिमीटर खोली. रेघ निमुळती होत जाते तसे पाते आपोआप वर उचलले जाते आणि कोपरा टोकदार उमटतो. ‘पटाशीसुद्धा शेवटी अशीच उचलायची,’ अण्णा म्हणाले. हे त्यांनी पूर्वी कोणालाही सांगितले नव्हते. विचारणारे कोणी नव्हते. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आधी काने कोरावयाचे, शिरोरेषा नंतर. कारण ती लाकडाच्या रेषांबरोबर जाते, आणि तिला अडविणारे आडवे छेद आधी नसतील तर फळी चिरत जाते. गरगर फिरणाऱ्या पात्याला या क्रमाने काही फरक पडत नव्हता, आणि संगणकाने आपला क्रम सर्वांत कमी अंतराच्या हिशेबाने लावला होता. मुलाने तो मोडून अण्णांचा लावला. काम चार मिनिटांनी लांबले.

हाताजवळचे सर्वच ज्ञान यंत्रात जात नाही. काही अंक होऊन जाते, काही अनावश्यक ठरते, आणि काही, त्या तीन रेषांतली एक निवडण्यासारखे, माणसापाशीच राहते. यांपैकी कोणते कुठे पडते हे यंत्र बांधावयास बसल्यावाचून कळण्याचा मार्ग नव्हता, आणि अण्णांनी पडवीत येणे सोडले असते तर बांधूनही कळले नसते.

शेवटी भिंतीकडे तोंड केलेली ती जुनी फळी पुढे आली. तिच्यावरून दीड मिलिमीटर तासून घ्यावे, म्हणजे घसरलेल्या पटाशीची रेघ जाईल, असे मुलाने सुचविले. अण्णांनी संमती दिली. रेघ गेली, तिच्या आरंभी जेथे पटाशी खोल रुतली होती तेथे मात्र एक टिंब राहिले, आणि ते नव्या ‘श’च्या देठात अर्धे बुडाले. कोरून झाल्यावर अण्णांनी फळी मागून घेतली. लाखेचे पॉलिश चिंधीच्या बोळ्याने लावावयाचे असते. त्याला हात स्थिर लागत नाही, हलता लागतो. तीन दिवस ते घासत बसले.

पाटी बंगळूरला गेली. पडवीतल्या यंत्रावर जुने धोतर पांघरलेले असते. समोरच्या गुजराती शेजाऱ्यांनी पाटी मागितली आहे, आणि अण्णांनी पेटीतून गुजराती अक्षरांचे कागद बाहेर काढले आहेत. गुजरातीला शिरोरेषा नाही. तेव्हा काटकोन तपासावयाचा कशावर, याचा विचार बापलेक सध्या करीत आहेत.