काढ्यालाही मुदत असावी

फवारणीचे औषध आणले की मी तुम्हाला तीन प्रश्न विचारतो. कशासाठी आणले? प्रमाण किती? फवारल्यानंतर माल किती दिवसांनी काढायचा? हेच प्रश्न घरच्या झाडपाल्याला विचारायचे मला फार उशिरा सुचले. त्याची किंमत आमच्या वहिनींनी मोजली.

आमचे गाव बार्शीपासून जवळच. एका दिवाळीत वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तोंड आलंय. तुम्हाला झाडापाल्याचं कळतं, काहीतरी सांगा." मी म्हणालो, "जाईचा पाला चावून थुंकत जा." उपाय जुनाच, साध्या तोंड येण्यावर घरोघरी चालणारा. पण किती दिवस करायचा, हे मी सांगितले नाही. वहिनी रोज मिसरी लावतात, हे ठाऊक असून तेही विचारात घेतले नाही.

होळीला गेलो तेव्हा त्या दुधात कुस्करलेली भाकरी खात होत्या. तिखट सोसत नव्हते. गालाच्या आतला चट्टा तसाच होता आणि पाला चावणेही चालूच होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात नेले. "किती दिवसांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारले. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

शस्त्रक्रिया झाली, गालाचा भाग काढावा लागला. आज त्या घरात वावरतात, नातवंडे सांभाळतात. पण तोंड पुरते उघडत नाही. मला कधी बोल लावला नाही. एकदा एवढेच म्हणाल्या, "तुम्ही थांब म्हणाला नाहीत, म्हणून मी थांबले नाही."

या रुग्णालयाच्या आधाराने बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत 1987 पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशाच्या ग्रामीण भागातली अशी ही पहिली नोंदणी. दवाखाना इतका जवळ असून आम्ही पाला चावत बसलो!

मग झाडपाला सोडून द्यायचा का? मुळीच नाही. परसात अडुळसा, तुळस, गवती चहा आणि पानओवा जरूर लावा. अडुळसा आणि पानओव्याची काडी पावसाळ्यात सहज लागते, गवती चहाचा ठोंब लावावा. अडुळशाला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, म्हणून तो कुंपणालाही चालतो. साध्या खोकल्याला अडुळशाची दोन-तीन पाने दोन कप पाण्यात उकळून निम्मे पाणी आटवावे आणि मोठ्या माणसाने कोमट घ्यावे. गरोदर बाईने मात्र हा काढा घेऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये.

आता माझ्या खात्यातली एक गोष्ट. फवारलेल्या द्राक्षबागेच्या किंवा सोयाबीनच्या बांधावरचा पाला औषधाला तोडू नका. फवारा वाऱ्याने बांधावरही येतो, आणि धुतल्याने सगळे विष जातेच असे नाही. औषधाची झाडे घराजवळच असावीत.

आणि मुदत? गाय भरवल्याची तारीख आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. उपाय सुरू केल्याची तारीखही तिथेच लिहा. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासून घ्या. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर पाला टाकून दवाखाना गाठा. तंबाखू किंवा मिसरीची सवय असेल तर तितकेही थांबू नका, आणि ती सवय सोडाच. साप चावला किंवा छातीत कळ आली, तर एक क्षणही काढ्यात घालवू नका.

आमच्या घरच्या कॅलेंडरवर आता अशा तारखा असतात. त्या लिहितात वहिनी.