जबर, जेर, पेश आणि गिटार

उर्दू माध्यमाच्या शाळेतील मास्तराने इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलवर लिहावे, याची काहींना गंमत वाटेल, काहींना ते खटकेलही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याने लहान मुलांना जबर, जेर, पेश शिकवण्यात वर्षे घालवली, त्याला वाह-पेडल ओळखीचे वाटते. आणि वर्गातले चाळीस आवाज एका वेळी सांभाळणाऱ्याला कंप्रेसर काय करतो, हेही चटकन उमगते.

आमचा मामेभाऊ लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. नोकरीसाठी सौदीला गेला तेव्हा गिटार, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि ही दोन पेडल आमच्या मिरजेच्या घरी ठेवून गेला. अब्बांना घरात वाद्य पसंत नव्हते. मौसिकीबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि अब्बांची बाजू आम्ही समजू शकतो. शेवटी तडजोड झाली. अजान झाली की वायर काढायची, आणि इशानंतर गिटारला हात लावायचा नाही. उरलेल्या वेळात आम्ही ही दोन यंत्रे समजून घेत गेलो.

वाह-पेडलचा जन्म १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. व्हॉक्स या ब्रिटिश ॲम्प्लिफायरचे अमेरिकेतले काम थॉमस ऑर्गन कंपनीकडे होते. त्या ॲम्प्लिफायरमध्ये मधले स्वर उचलणारा तीन जागांचा स्विच होता. खर्च कमी व्हावा म्हणून ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याने त्या जागी फिरता पोटेन्शिओमीटर लावून पाहिला. तो फिरवताना आवाज जणू तोंड उघडल्यासारखा बदलू लागला. मग ते सर्किट ऑर्गनच्या पायपेडलमध्ये बसवण्यात आले आणि १९६७ मध्ये क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाच्या नावाने ते बाजारात आले. मॅकॉय ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट धरून ‘वाह-वाह’ असा आवाज काढत असे. त्याच वर्षी एरिक क्लॅप्टनने आणि लगोलग जिमी हेंड्रिक्सने हे पेडल जगाला ऐकवले. १९७१ च्या ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या शीर्षकसंगीतात चार्ल्स पिट्सच्या गिटारमधून ते तालवाद्यासारखे वाजले.

पेडलच्या आत विशेष काही दिसत नाही. एक दातेरी पट्टी, तिच्यावर फिरणारा पोटेन्शिओमीटर, एक इंडक्टर, काही कपॅसिटर आणि दोन ट्रान्झिस्टर. हे सर्किट आवाजातील एक अरुंद पट्टा उचलून धरते. टाच दाबली की हा पट्टा साधारण साडेचारशे हर्ट्झच्या आसपास राहतो, चवडा दाबला की दोन हजारांकडे सरकतो. माणसाचे तोंडही हेच करते. गळ्यातून निघणारा नाद एकच असतो. ओठ आणि जीभ त्यातला वेगवेगळा भाग उठावदार करतात आणि आपल्याला ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’ असे स्वर ऐकू येतात.

उर्दू वाचणाऱ्याला हे अधिक सांगायला नको. अलिफ आणि सीन लिहिले, वर खाली काही लावले नाही, तर वाचणारा थबकतो. जेर दिला तर ‘इस’, पेश दिला तर ‘उस’. अक्षरे तीच, अर्थ वेगळा. गिटारची नुसती तार आम्हाला अशीच एराब नसलेल्या अक्षरांसारखी वाटते. टाचेखाली पेश आहे, मध्यावर जबर आणि चवड्याकडे जेर. पाय टाचेकडून मध्याकडे नेला की ‘वाह’ हा शब्दच उमटतो, पेशवरून जबरवर.

म्हणून पेडल लावताना आम्ही पहिल्यांदा पाय हलवत नाही. एक स्वर लांब धरायचा आणि पेडल अगदी सावकाश खालपासून वरपर्यंत न्यायचे. चवड्याच्या टोकाला आवाज कानात टोचला तर ॲम्प्लिफायरचा ट्रेबल कमी करायचा. कोणत्या जागी तार स्पष्ट बोलते, ते पायाला कळेपर्यंत हे करत राहायचे. नवशिक्याचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा एकसारखा हलतो. वाक्यातल्या प्रत्येक अक्षरावर तोंड वासले तर बोलणे समजेल का? काही वेळा पेडल मध्येच एका जागी स्थिर ठेवून अख्खी चीज वाजवावी, तीच त्या चीजेची वाणी होते.

आमच्या गावात हे कसब नवे नाही. मिरजेचे शिकलगार एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडवत आले. जवारी लावणारा कारीगर घोडी किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तंबोऱ्याच्या तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला की बंद आवाज खुलतो. तिथे मोजपट्टी चालत नाही, कान चालतो. कॅलिफोर्नियाच्या पेडलला आणि मिरजेच्या दोऱ्याला विचारायचा प्रश्न एकच, आवाज कुठे उघडतो?

कंप्रेसरची गोष्ट वेगळी. वाह आवाजाचा स्वर बदलतो, तर कंप्रेसर आवाजाची उंची आवरतो. अचानक मोठा आवाज येऊन प्रक्षेपण बिघडू नये म्हणून रेडिओ केंद्रांनी १९३० च्या दशकात या जातीची यंत्रे वापरली. गिटारवाल्यांच्या पायाशी ती आली १९७० च्या दशकात. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या एमएक्सआर कंपनीचा डायना कॉम्प त्यात सर्वांत गाजला. त्याला दोनच नॉब, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. आमच्याकडचा कंप्रेसरही दोन नॉबचाच आहे.

हिशेब सोपा आहे. एक मर्यादा ठरलेली असते. तिच्या खालच्या आवाजाला यंत्र हात लावत नाही. प्रमाण ४:१ असेल, तर मर्यादेच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ डेसिबल वर राहतो. मग सगळाच आवाज थोडा वाढवला जातो, त्यामुळे हळू स्वर पुढे येतात आणि तार लांबवर वाजत राहते. पण त्याबरोबर वायरची घरघर आणि पिकअपचा हिसका हेही वर येतात. हळू आवाज आणि नको असलेला आवाज यांतला फरक यंत्राला कळत नाही.

दुसरी किंमत मोठी आहे. नखी तारेवर आपटते तो पहिला क्षण सर्वांत उंच असतो आणि यंत्र नेमका त्यालाच दाबते. उर्दूत सांगायचे तर कंप्रेसर तश्दीद पुसतो. ‘पत्ता’चा ‘पता’ होतो. झाडाचे पान पाहायला निघालेला माणूस एखाद्याच्या घराचा ठिकाणा शोधत बसतो. म्हणून आम्ही सेन्सिटिव्हिटी घड्याळातल्या नऊच्या जागेपासून हळूहळू वाढवतो आणि तश्दीद पुसट होऊ लागली की थोडे मागे येतो. आउटपुट मात्र पेडल बंद असताना जेवढा आवाज असतो, तेवढाच ठेवायचा. कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, आणि त्या फसवणुकीत यंत्राचे खरे काम कळत नाही.

दोन्हींपैकी आधी कोणते, यावर वादक वाद घालतात. कंप्रेसर आधी ठेवला तर वाहला सारख्या उंचीचा आवाज मिळतो आणि तिची उघडझाप ठसठशीत होते. मागे ठेवला तर वाहने उचललेला पट्टाच दाबला जातो. तालाच्या तुकड्यांना ते शोभते, पण स्वरांतले अंतर कमी होते. आम्ही कंप्रेसर आधी ठेवतो. आधी बळ सारखे करा, मग तोंड मोकळे सोडा. तोंड उघडून झाल्यावर त्यावर हात ठेवू नका.

हा हात आम्हाला वर्गाबाहेर पुष्कळदा दिसतो. आमच्या शाळेतली मुले दहावीनंतर मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जातात. वर्षभराने भेटायला येतात तेव्हा मराठी चांगले बोलतात, पण सगळी वाक्ये एका उंचीची. हसणे दबलेले, रागही दबलेला. एकाला विचारले तर म्हणाला, “सर, जोरात बोललो की सगळे वळून बघतात. तोंड उघडलं की कळतं ना, कोण आहे ते.” त्याला कोणी शिक्षा केली नव्हती. मर्यादा त्याने स्वतःच लावून घेतली होती. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनात आवाजातील चढउतारासाठी आम्हाला गुण मिळत होते. इथे मुले चढउतार टाकून देण्यात स्वतःला हुशार समजू लागली होती.

अर्थात सगळाच कंप्रेसर वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या एका मुलीला नज्म म्हणायची होती. तिचा आवाज इतका बारीक की तिसऱ्या रांगेलाही पोहोचत नव्हता. तिच्या आधी बोलणारा मुलगा भोंग्यासारखा बोलायचा. साउंडवाल्याने मिक्सरवरचा कंप्रेसर चढवला. मुलाचा जोश गेला, मुलीचा आवाज थोडा वर आला, आणि तिने श्वास घेतला की पंख्याची घरघर सभागृहभर पसरू लागली. आम्ही त्याला कंप्रेसर उतरवायला सांगितले आणि माईकचा स्टँड खाली करून मुलीच्या तोंडाजवळ नेला. मुलाला सांगितले, “बेटा, तू दोन पावलं मागं उभा राहून बोल, पण बोलायचं तुझ्याच आवाजात.” त्या दिवशी दोघेही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले, आणि मुलीच्या नज्मेतली एकही तश्दीद गळली नाही.

आता कॉलेजची मुले भेटायला आली की आम्ही त्यांच्याकडून एखादा उतारा मोठ्याने वाचून घेतो. उर्दू असो वा मराठी. सुरुवातीला ती लाजतात, दाराकडे पाहतात. आम्ही दार उघडेच ठेवतो.